निवडून आणलेली फुप्फुसं

माझं काम ऐकलं की लोक आधी हसतात, मग नाक मुरडतात. मी डुकराची फुप्फुसं फुगवते, त्यांना मुद्दाम भोक पाडते, त्या भोकावर आमच्या प्रयोगशाळेत तयार केलेला डिंक लावते आणि तो कितपत दम धरतो ते बघते. माझा थोरला भाऊ मला चारचौघांत 'पंक्चरवाली' म्हणतो. म्हणू दे. त्याने स्वतः उभा जन्म बंदरावरच्या क्रेनमध्ये काढला, आभाळात टांगलेल्या त्या काचेच्या खोलीत, एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात सिगारेट. खालच्या माणसांना ऐकू जावं म्हणून तो ओरडून बोलायचा, आणि पुढे घरात जेवतानाही तसाच बोलत राहिला.

काम मात्र थट्टेचं नाही. फुप्फुसाचा बिघडलेला भाग कापून काढला की उरलेल्या भागाच्या कडेतून हवा झिरपत राहते. टाके कितीही नेटके घाला, फुप्फुस म्हणजे काही रबर नव्हे. झिरपलेली हवा छातीत कोंडू नये म्हणून बरगड्यांमधून एक नळी आत घालतात आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या डब्यात सोडतात. पाण्यात बुडबुडे आले की समजायचं, अजून गळतंय. बहुतेकांचे बुडबुडे थोड्या दिवसांत आपोआप थांबतात. ज्यांचे थांबत नाहीत, ती माणसं त्या नळीला बांधल्यासारखी खाटेवर पडून राहतात. मग ताप येतो, पू होतो, आणि शस्त्रक्रियेतून वाचलेला माणूस एवढ्याशा गळतीने हातचा जातो. आमचा डिंक त्यांच्यासाठी होता. कापलेल्या कडेवर त्याचा पातळ थर पसरायचा, तो निळसर होऊन घट्ट बसतो आणि श्वासाबरोबर फुप्फुस फुगेल तसा ताणतो.

रोज सकाळी मी कत्तलखान्यात जायची. तिथला खाटीक माझ्यासाठी बादली भरून ठेवायचा आणि मी त्यातून निवडायची. गुलाबी, गुळगुळीत, बोटाने दाबलं की उसळून वर येणारं फुप्फुस मी घ्यायची. डाग असलेलं, आकसलेलं, कुठे व्रण, कुठे पातळ फुगवटा, असलं काही हाताला लागलं की ते परत बादलीत. खाटीक म्हणायचा, "ताई, भाजी निवडावी तशी फुप्फुसं निवडता तुम्ही. सगळी एकाच जनावराची नसतात हो." त्याला काय कळणार म्हणून मी हसायची. असली फुप्फुसं आमच्या भाषेत 'नासकी'. फुगवली की ती भलतीकडूनच गळू लागतात, मग दोष डिंकाचा की फुप्फुसाचा ते ठरवता येत नाही. हा नियम काही मी काढला नव्हता. मी जिथे शिकले तिथेही तो होता, आणि ज्या ज्या प्रयोगशाळेत मी पाऊल टाकलं तिथे नासकी फुप्फुसं बादलीतच राहायची.

निवडलेल्या फुप्फुसावर आमचा डिंक अप्रतिम चालला. जोराच्या खोकल्याने छातीत जेवढा दाब येतो, त्याहून कितीतरी जास्त दाब दिला तरी सुटेना. पाण्यात बुडवून बघितलं, बुडबुडा नाही. मी फुप्फुस पाण्यात दाबून धरायची, सहकारी यंत्राचा दाब वाढवायचे आणि आम्ही सगळे श्वास रोखून पाण्याकडे बघायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या डिंकाचा अभिमान होता. आपला तो बाब्या, म्हणतात ना, तसं झालं होतं माझं.

मग तो इस्पितळात गेला. तिथल्या सर्जनबाई उंच, सावळ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्यांच्या हाताखाली माणसांवरची चाचणी सुरू झाली. ज्यांनी सही केली त्यांच्यासाठी एक बंद पाकीट ऑपरेशनच्या खोलीत उघडायचं. पाकिटातल्या चिठ्ठीत 'डिंक' निघालं तर टाक्यांवर डिंक लावायचा, नाहीतर नुसते टाके. कुणाला काय मिळालं ते फक्त ऑपरेशन करणाऱ्यांना माहीत. रोग्याला सांगायचं नाही, बुडबुडे बघणाऱ्यांना नाही, आणि आम्हा डिंकवाल्यांना तर नाहीच नाही. आपल्या लेकराचे गुण सांगायला आईला बोलावू नये, हे मलाही मान्य होतं.

तोवर दादाचा खोकला बरेच दिवस चालू होता. "सिगारेटवाल्याला खोकला नाही तर काय, शिंक येणार?" असं म्हणून तो उडवून लावायचा. शेवटी वहिनींनी त्याला हाताला धरून तपासायला नेलं आणि फोटोत उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. काढावी लागणार होती. त्याच इस्पितळात, त्याच सर्जनबाईंच्या हातून.

चाचणीची माहिती त्याला तिथल्या लोकांनीच दिली. मी मुद्दाम लांब राहिले होते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीनेही मला विचारून घेतलं, नोंदींशी तुमचा संबंध येतो का. येत नव्हता. दादाला मात्र आनंदाचं भरतं आलं.

"अगं, तुझा डिंक!" तो फोनवर ओरडला. "घरचंच औषध! कुठे सही करू?"

"लागेलच असं नाही दादा. चिठ्ठीत निघालं तरच."

"निघणार. माझं नशीब काय एवढं फुटकं आहे?"

वहिनींना हे पसंत नव्हतं. त्या मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण आधी दुसऱ्यांवर करून बघा ना. आपल्याच माणसावर कशाला?"

"वहिनी, दुसऱ्यांनाही बायका असतात," मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण खरं सांगायचं तर मला मनातून हवंच होतं की त्याला डिंक लागावा. माझ्या हातचं काही त्याच्या छातीत जावं आणि त्याला लवकर घरी आणावं, एवढी एकच इच्छा होती.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पुढे पसरलेली नव्हती, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दादाच्या बरगडीतून नळी आणि पलंगाखाली पाण्याचा डबा. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा बुडबुडे होते. ते असतातच. नंतर गेले तेव्हाही होते. आठवडा उलटला तरी होतेच, आणि मग तो खोकला की पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायचं.

शेजारच्या खाटेवर भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांचीही तीच शस्त्रक्रिया व्हायची होती, पण छातीत कफ दाटलेला म्हणून पुढे ढकलली जात होती. तेही जुने सिगारेटवाले. दादाचं आणि त्यांचं मेतकूट जमलं. मास्तर त्याला 'क्रेनवाले' म्हणायचे आणि डब्यातल्या बुडबुड्यांकडे बघून हवामानाचा अंदाज सांगायचे, "आज वादळी वारे, क्रेनवाले. खलाशांनी समुद्रात जाऊ नये." दादा हसायचा, हसला की खोकायचा, खोकला की वादळ खरंच यायचं.

"मला नाही मिळाला तुझा डिंक," दादा मला म्हणाला. त्याला ते इतकं उघड दिसत होतं की विचारायचीही गरज वाटली नाही. "मिळाला असता तर आज घरी नसतो का? पलीकडच्या वॉर्डातला तो पोरगेलासा माणूस बघ, कसा टुणटुणीत घरी गेला. त्याला लागला असणार." आणि मग मास्तरांकडे वळून, "मास्तर, तुम्ही सही करा बरं का. माझी बहीण आहे ती करणारी. माझी चिठ्ठी वाईट निघाली, तुमची चांगली निघेल."

मास्तर नको म्हणत होते. त्यांना त्या पाकिटाची भीती वाटायची. दादा रोज त्यांच्या उशाशी बसून, एका हातात तो डबा धरून, माझे गोडवे गायचा. शेवटी मास्तरांनी सही केली. मला आवडलं होतं ते. कुणाला आवडणार नाही?

पण दादाचे बुडबुडे थांबेनात आणि माझा धीर सुटला. त्याच्या अंगात बारीक ताप राहू लागला. मग एके दिवशी मी गेले तर त्याची मान सुजलेली, गाल वर आलेले. मानेवर हात ठेवला तर बोटांखाली काहीतरी कुरकुरलं. हवा कातडीखाली शिरत होती. मला त्याचा अर्थ वहिनींपेक्षा जास्त कळत होता, आणि त्या क्षणी तो कळू नये असं वाटलं.

मी तडक जिन्याकडे गेले. सर्जनबाई वरून उतरत होत्या. मी त्यांना तिथेच अडवलं.

"डॉक्टर, शेल्फवर औषध ठेवलेलं असताना तुम्ही माझ्या भावाची छाती नुसत्या टाक्यांवर शिवलीत?"

त्या थांबल्या. "त्याबद्दल मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"चिठ्ठी! एका कागदाच्या कपट्यासाठी! तुमचा भाऊ असता तर?"

"तरी पाकीटच उघडलं असतं."

"मग तुम्हाला भाऊ नसावा," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. कसाई म्हटलं, दगड म्हटलं. जिन्यावरून जाणारी-येणारी माणसं थांबून बघत होती. मी पोटभर तोंडसुख घेतलं. सर्जनबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. त्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि मी संपल्यावर म्हणाल्या, "उद्या मी त्यांची छाती पुन्हा उघडते आहे. गळतंय तिथे शिवते. आता वाट बघण्यात अर्थ नाही." आणि खाली उतरून गेल्या.

दुसरं ऑपरेशन लांबलं. वहिनी बाकावर बसून होत्या, मी उभी. तो बाहेर आला तेव्हा पांढराफटक होता, पण डब्यात बुडबुडे फारच कमी होते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तेही गेले. मानेची सूज उतरली. वहिनी रडल्या, मीही रडले, आणि मग कामावर परत गेले. सुटीवर किती दिवस राहणार?

सर्जनबाई प्रयोगशाळेत आल्या त्या त्यानंतर. आधी कळवलं नव्हतं. मी हातमोजे घालून टेबलाशी उभी होते, समोर सकाळी आणलेलं गुलाबी फुप्फुस यंत्राला लावलेलं. त्यांनी पिशवीतून एक लहानशी बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"समितीला कळवून, परवानगी घेऊन आले आहे," त्या म्हणाल्या. "असं काही गंभीर घडलं की तुमच्याकडेही कळवावं लागतं. हे तुमच्या भावाच्या छातीतून काढलं."

बरणीतल्या पाण्यात फुप्फुसाचा एक काळपट तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. त्याच्यावर निळसर थर.

तो निळा रंग मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या टेबलावर, माझ्या एप्रनवर, माझ्या नखांत त्याचे डाग आहेत. मी तुकडा चिमट्याने बाहेर काढला. थर एका बाजूलाही सुटलेला नव्हता. अंगठ्याने ओढून बघितला, हलेना. इतकी चांगली पकड मी स्वतः केलेल्या एकाही चाचणीत पाहिली नव्हती.

"सुटलेला नाही," मी म्हटलं.

"नाही. कड बघा."

मी भिंग घेतलं. डिंकाच्या काठाला लागून फुप्फुस फाटलं होतं. विरलेल्या कापडाला नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं की ठिगळ तसंच राहतं आणि शिवण जिथे संपते तिथून जुनं कापड टरकतं, अगदी तसं. प्रत्येक श्वासाला, प्रत्येक खोकल्याला डिंकाने त्या जीर्ण भिंतीला ओढलं होतं. म्हणजे डिंकाने काही केलं नाही असं नव्हतं. त्यानेच केलं होतं.

"त्याला लावला होता," मी म्हटलं.

"हो."

"आणि मी तुम्हाला जिन्यावर..."

"बोललात," सर्जनबाई म्हणाल्या. "लागलं मला ते. पण त्याहून जास्त हे वाटत होतं, की हिला कळेल तेव्हा हिचं काय होईल."

मी टेबलाची कड धरली. त्यांनी विचारलं, "एक सांगा. तुमच्या अहवालात सगळी फुप्फुसं व्यवस्थित टिकलेली आहेत. त्यात असं एखादं होतं का? भिंत पातळ झालेलं, फुगवटे आलेलं, वर्षानुवर्षं धूर खाल्लेलं?"

"नाही."

"मिळत नाहीत?"

"मिळतात. रोज मिळतात. मी घेत नाही."



"ती भलतीकडून गळतात," मी सांगू लागले, आणि सांगता सांगता माझंच मला ऐकू येऊ लागलं. "मग आकडा बिघडतो. म्हणून चांगली तेवढी निवडायची. सगळेच निवडतात."

"हे अहवालात वाचल्याचं आठवत नाही."

"लिहिलंच नाही. लपवलं नाही डॉक्टर, देवाशपथ. लिहिण्यासारखं वाटलंच नाही कधी. हात धुतले हे कुणी लिहितं का?"

सर्जनबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मीही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येतो तो प्रत्येक माणूस असल्या फुप्फुसाचा. ज्याची फुप्फुसं चांगली, तो माझ्याकडे येईलच कशाला?"

इतकी साधी गोष्ट. एवढी वर्षं आम्ही दोन खोल्यांत बसून एकाच डिंकावर काम करत होतो. माझ्या खोलीत निरोगी फुप्फुसं, त्यांच्या खोलीत आजारी, आणि मधल्या रस्त्यावरून नुसते आकडे जात होते. मला स्वतःची इतकी चीड आली की समोरचं ते गुलाबी फुप्फुस यंत्रावरून ओढून फेकून द्यावंसं वाटलं.

"आता चाचणी थांबेल?" मी विचारलं.

"एका माणसावरून थांबत नाही. समिती बसेल, आधीच्यांच्या नोंदी बघेल, मग ठरवेल. पण नवं काही कळलं तर सही केलेल्यांना ते सांगावं लागतं, आणि सही केव्हाही मागे घेता येते." त्यांनी बरणी उचलून पिशवीत ठेवली. "मास्तरांचं ऑपरेशन परवा आहे. त्यांची फुप्फुसं तुमच्या भावापेक्षा वाईट आहेत. मी आज संध्याकाळी त्यांच्याशी बोलेन. तुमच्या भावालाही सांगायला परवानगी आहे. ते मी सांगू की तुम्ही?"

"मी," मी म्हटलं.

इस्पितळात पोचेपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'पण' येत होता. सगळेच तसं करतात, पण. आम्हाला कल्पना नव्हती, पण. दादाच्या खाटेपाशी पोचले तेव्हा त्यातलं एकही शिल्लक राहिलं नव्हतं.

तो उशीला टेकून बसला होता. वहिनी त्याला सफरचंदाच्या फोडी देत होत्या. नळी अजून छातीतच होती, उद्या काढणार होते.

"आली पंक्चरवाली," तो म्हणाला. "चेहरा असा का? मला पोचवून आल्यासारखा?"

"दादा, तुला डिंक लावला होता."

"दुसऱ्या वेळी?"

"नाही. पहिल्या वेळी. चिठ्ठीत तेच निघालं होतं."

त्याला समजायला वेळ लागला. वहिनींना आधी समजलं. त्यांच्या हातातली फोड तशीच राहिली.

मी सगळं सांगितलं. बरणी, निळा थर, फाटलेली कड. बादली आणि निवड. मधे एकदाही 'पण' म्हटलं नाही, एवढंच काय ते बरं केलं.

"म्हणजे तू चांगली तेवढीच घ्यायचीस?" दादाने विचारलं.

"हो."

"आणि माझ्यासारखी?"

"परत टाकायची."

वहिनींना 'मी सांगत होते' म्हणायचा पूर्ण हक्क होता. त्या म्हणाल्या नाहीत. ताटली खाली ठेवून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. त्या पाठीकडे बघणं मला सर्वांत जड गेलं.

मला वाटलं दादा हसेल. काहीतरी टोमणा मारेल, आणि मग मी रडेन आणि मिटेल सगळं. लहानपणापासून असंच मिटत आलं होतं. तो हसला नाही.

"मला तुला खूप काही बोलायचंय," तो म्हणाला. "आत्ता छातीत तेवढा दम नाही. नंतर बोलेन. पण मास्तरांचं काय?"

"परवा आहे त्यांचं. डॉक्टर संध्याकाळी सांगणार आहेत त्यांना."

"ते नको म्हणत होते ग. मी भरीला घातलं. रोज त्यांच्या डोक्याशी बसून माझी बहीण, माझी बहीण." त्याने पांघरूण बाजूला केलं. "डॉक्टर का सांगणार? फुप्फुसं काय डॉक्टरांनी निवडली होती? चल."

"अहो, कुठे निघालात?" वहिनी वळल्या. "उठू नका म्हणून सांगितलंय!"

"फिरायला सांगितलंय. सकाळीच सांगितलं, थोडं थोडं फिरा म्हणून." त्याने पाय खाली सोडले. "डबा घे. खाली धर, छातीच्या खाली. तुला माहीतच असेल."

मास्तरांना आता कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत हलवलं होतं. दादा भिंतीला धरून चालत होता, मी त्याच्या बाजूने डबा धरून, आणि मागून वहिनी. मधे तो थांबला, भिंतीला कपाळ टेकवलं. मी म्हटलं परत जाऊ या. त्याने मान हलवून नकार दिला. मी त्याला हात द्यायला गेले, तर त्याने वहिनींचा हात धरला. दोन परिचारिका बाजूला होऊन बघत राहिल्या. खोलीच्या दारात पोचलो तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. "अरे, क्रेनवाले! तुम्ही चक्क चालत?" मग आमचे चेहरे बघून त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दादा त्यांच्या खाटेच्या कडेवर बसला. त्याने माझ्याकडे नुसतं बोट केलं.

"मास्तर," मी म्हटलं, "दादाला पहिल्या वेळी माझाच डिंक लावला होता. आम्हाला आज कळलं. त्याच्यामुळेच बाजूचं फुप्फुस फाटलं आणि दुसऱ्यांदा उघडावं लागलं. तुम्ही सही केलीत ती दादाच्या शब्दावर, आणि दादा बोलत होता माझ्या भरवशावर. सही मागे घेता येते. का घेता, असं कुणी विचारणार नाही. संध्याकाळी डॉक्टर येतील, त्यांनाही विचारा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर ते असेच थांबत असतील.

"म्हणजे डिंक वाईट आहे?"

"निरोगी फुप्फुसावर चांगला आहे."

"आणि माझ्यासारख्या?"

इथे सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. एका रोग्यावरून काही ठरत नाही. इतर कित्येक जण बरे होऊन घरी गेलेत. थर पातळ केला, थोडा मऊ केला, तर कदाचित. हे सगळं खरं होतं. दादा माझ्याकडे बघत होता.

"माहीत नाही, मास्तर," मी म्हटलं. "तसली मी तपासलीच नाहीत. ती आली की मी बाजूला काढायची."

"का?"

"त्यांच्यावर डिंक चांगला दिसत नाही म्हणून."



"आम्हाला तुम्ही दारातच नापास केलं होतं तर," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी हो म्हटलं.

दादाला अजून धाप लागलेली होती. मास्तर पाय आखडून सरकले आणि त्यांनी त्याला टेकायला उशी दिली. मग ते दोघे एकमेकांशेजारी बसून माझ्याकडे बघत राहिले.